तीन तिघाडा

धावताना मी कधी पडलो नाही.
पडलो तो उभा असताना,
सेटलच्या पेट्रोल पंपावर, भर दुपारी, शून्य वेगात.
डावा पाय टेकवला आणि गुडघ्यानं हात वर केले.
पावणेचारशे किलो लोखंड
गाय बसते तसं, सावकाश, माझ्या शेजारी बसलं.
दोन पोरांनी गाडी उचलली. तिसऱ्यानं मला.

तीस वर्षं इस्पितळात लोकांचे गुडघे उजेडावर धरले,
हा धरला तर ओळखीचा वाटेना.
हाडावर हाड,
मधली फट कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेली.
गाडी विकावी म्हटलं.
विशाखा म्हणाली, "मग रविवारी तू घरात असणार?"

म्हणून हे ओल्डरॉइडचं गॅरेज,
किथलीच्या रस्त्याला, लोकरीच्या बंद गिरणीमागे.
चहा देतो, त्यावर वंगणाचा तवंग.
म्हणतो, मागचं एक काढायचं, दोन लावायची,
काम तेवढंच, बाकी सगळी निवड.
सलग अ‍ॅक्सल घ्याल तर स्वस्त,
पण डाव्या चाकाचा खड्डा उजव्यालाही भोगावा लागेल.
"म्हणजे आपल्यासारखं," विशाखा पुटपुटते.
काय म्हणाल्या, तो विचारतो.
किंमत विचारतेय, मी म्हणतो.
दोन्ही चाकांना आपापली स्प्रिंग हवी
तर अडीच हजार पौंड वर.
पुढचा काटाही थोडा कलता करून घ्या,
नाहीतर डेल्सच्या वळणांवर खांदे उतरतील.
आणि घरी जाऊन शेडचं दार मोजा.
दार मी मोजूनच आलोय: चार फूट चार इंच.
गाडी होणार चार फूट सात.

त्यानं स्वतःची काढून दिली, मारा एक फेरी.
पहिल्याच वळणावर मी झुकलो.
ती झुकली नाही.
डावीकडे जायला डावी मूठ ढकलायची, हे हाडात मुरलेलं;
ढकलली, तर ती सरळ उजव्या भिंतीकडे निघाली.
पलीकडच्या मेंढ्यांनी चरणं थांबवून पाहिलं.
सिग्नलला पाय आपसूक बाहेर आला
आणि तसाच हवेत राहिला,
कुणी हात पुढे करावा
आणि समोरच्यानं नमस्कार करावा, तसा.

अण्णांनी मिरज स्टेशनाबाहेर बावीस वर्षं रिक्षा चालवली.
वळणावर त्यांचं अंग आत जायचं, रिक्षा ढिम्म.
मी मागून हसायचो:
अण्णा, तिला कळत नाही तुम्ही झुकलात ते.
"मला कळतं ना," ते म्हणायचे,
आणि हॉर्नचा रबरी फुगा उगाच एकदा दाबायचे.
एवढं शिकलो, एवढा समुद्र ओलांडला,
हप्त्यांवर अठराशे सीसी घेतली,
आणि साठीनंतर शेवटी
वडिलांचीच गादी चालवायची.

विशाखानं पंचवीस वर्षं
माझ्या उजव्या खांद्यावरून रस्ता वाचला.
खांदा खाली गेला की तीही.
भांडून निघालो, बोलणं बंद असलं,
तरी हॉजच्या आधी ते लांब वळण यायचंच
आणि दोघांना एकाच बाजूला कलावं लागायचं.
हे ओल्डरॉइडला सांगण्यासारखं नाही.
त्याच्या यादीत अशी वस्तू नाही,
जास्त पैसे देऊनसुद्धा.

ती आता त्या ट्राइकच्या मागच्या सीटवर चढून बसलीय,
हातांना दांडे, पाठीला उशी.
"मला इथं झोप लागेल," म्हणते.
तक्रार आहे की समाधान,
तिच्या आवाजावरून ओळखू येत नाही.
आपापली स्प्रिंग, मी सांगतो. काटा कलता.
साइड स्टँड काढलात तरी फेकू नका.
शेडची चौकट कुणाकडून फोडून घ्यायची, ते नंतर.

रंग? त्यानं वही उघडली.
"काळा-पिवळा," विशाखा वरून म्हणाली,
खणखणीत मराठीत.
तो पेन्सिल धरून माझ्याकडे बघतोय.
मी अजून भाषांतर केलेलं नाही.